पैशाचं सोंग

मी काम करतो त्या स्टार्टअपने पगारासोबत थोडे शेअरही दिलेत. मोबाईलवर त्यांची किंमत दिसते: १८ लाख. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ३ लाख कमी पडत होते. ऑफिसात विचारलं, थोडे विकता येतील का? उत्तर आलं, "सध्या घेणारा कुणी नाही." शेवटी मामाकडून उसने घेतले.

आजी म्हणायची, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. १८६५ मध्ये अख्ख्या मुंबईला हे कळलं होतं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्या मुंबईकडे वळल्या. इथे कापसाचे भाव भडकले, पैशाचा पूर आला. तो गुंतवायला नव्या बँका, नव्या कंपन्या निघाल्या. सर्वांत गाजली ती बॅक बेचा समुद्र भरून जमीन काढणारी कंपनी. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला.

या तेजीचा राजा होता प्रेमचंद रायचंद. बँक ऑफ बॉम्बेत त्याचा शब्द चाले. ही बँक शेअर तारण ठेवून कर्ज देई, त्या कर्जातून लोक आणखी शेअर घेत. कित्येक सौदे वायद्याचे: भाव आज ठरवायचा, पैसे १ जुलै १८६५ ला द्यायचे. कागदावर सगळेच श्रीमंत.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं आणि कापूस कोसळला. १ जुलै उजाडला. याने पैसे द्यायचे तर आधी त्याच्याकडून यायला हवेत, त्याला तिसऱ्याकडून. आम्ही प्रोग्रॅमर याला डेडलॉक म्हणतो: प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबलेला. सगळ्यांनाच विकायचं होतं, मग घेणार कोण? बॅक बेचा शेअर २,००० च्याही खाली आला. बँकेकडे तारण होतं, पण त्याची रोकड होईना. १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली. प्रेमचंदही बुडाला.

सोनं लिक्विड, फ्लॅट नाही, असं आपण सहज म्हणतो. जणू लिक्विडिटी त्या वस्तूतच भरलेली असते. खरं तर ती समोर रोख घेऊन उभ्या असलेल्या माणसात असते. तो निघून गेला की स्क्रीनवर उरतो तो फक्त मागच्या सौद्याचा भाव.

प्रेमचंदने १८६४ च्या तेजीत मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले होते. शेअर बुडाले, पण हा पैसा टिकला. तो आधीच हातातून सुटला होता. त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला.

आता सहा महिन्यांचा खर्च मी बचत खात्यात ठेवतो. व्याज कमी मिळतं, मिळू दे. आई आता चालू लागली आहे. मामाचे पैसे फिटले की तिला टॉवर दाखवायला नेणार आहे.