नळाचा ठोका

वर्तकनगर ज्या रस्त्यावर वसले, त्याचे नाव पोखरण, म्हणजे तळे. तळ्याचे पाणी मुके असते. ते नळातून घरात शिरले आणि भिंती बोलू लागल्या. मुंबईला विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले १८६० साली; मागून आमचे ठाणेही नळकरी झाले.

अपरात्री वरच्या बिऱ्हाडात कुणी तोटी खटकन् बंद करावी, आणि खाली भिंतीत ‘धाड्’ व्हावे! तान्हे मूल दचकून रडू लागते. सकाळी जिन्यात बोलाचाली होते : ‘तुम्ही मुद्दाम ठोकता!’ वाचकहो, ठोकते ते पाणी. धावत्या पाण्याची वाट एकाएकी अडली, की मागचे पाणी पुढच्यावर आदळते आणि तो धक्का लोखंडी नळातून सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने मागे पळतो.

या उपद्रवाचा उपयोग प्रथम केला जॉन व्हाइटहर्स्ट या इंग्रज घड्याळजीने. १७७२ साली त्याने तोटी मिटताच बसणाऱ्या धक्क्याने पाणी उंच टाकीत चढवले. पुढे १७९६ साली, उष्ण हवेच्या विमानामुळे नाव झालेल्या फ्रान्सच्या जोसेफ माँगोल्फिएने त्याला आपोआप मिटणारी झडप बसवली. इंजिनाशिवाय, दिवसरात्र पाणी चढवणारा पंप झाला!

मॉस्कोत मात्र याच धक्क्याने मोठाले नळ फुटत. निकोलाय झुकोव्हस्की या गणितज्ञाने १८९७-९८ साली तेथील नळांवर प्रयोग करून त्याचे गणित मांडले. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी झटक्यात अडवले, तर शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा जादा दाब क्षणभर नळावर येतो. सांधे निखळतात ते उगीच नव्हे.

उपाय मात्र साधे. तोटी हळू मिटावी. झिजलेला वायसर बदलावा. त्याच्या थरथरीनेच नळ घुमतो. भिंतीवरच्या सैल पट्ट्या आवळाव्यात. ठरावीक वेळी पाणी येते तिथे रिकाम्या नळात हवा भरलेली असते. पाणी येताना तिचा फुत्कार होतो, म्हणून तोटी आधी थोडीच उघडावी. इतके करून ठोका राहिलाच, तर प्लंबरकडून नळाला हवेची बंद कोठी जोडून घ्यावी. धक्का ती झेलते.

एका उभ्या नळावर चार मजल्यांची बिऱ्हाडे असतात. तेव्हा जिन्यात भांडायला उभे राहण्यापूर्वी दोघा शेजाऱ्यांनी मिळून आधी तोटी तपासावी.