घर-आराखडा सॉफ्टवेअर : डहाणू–तलासरी

घराचा नकाशा संगणकावर काढून त्यातूनच उभ्या घराचे छायाचित्रासारखे चित्र बनवणारे सॉफ्टवेअर. बोलण्यात नकाशाला ‘प्लॅन’ आणि चित्राला ‘थ्रीडी’ किंवा ‘रेंडर’ म्हणतात. दोन्ही एकाच फाइलमधून निघतात, पण दोन्हींचे वजन सारखे नसते. प्लॅनमधली चूक टेप लावून पकडता येते. रेंडरमध्ये ती झाकली जाते. पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत घराला भूकंपाचे हादरे आणि कोकणचा पाऊस दोन्ही सोसावे लागतात, म्हणून इथे ही झाकली गेलेली चूक महागात पडते.

पडद्यावर रेघ ओढण्याची सुरुवात आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ च्या ‘स्केचपॅड’पासून धरतात. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि नकाशे काढणाऱ्यांची टी-पट्टी हळूहळू सुटली. २००० मध्ये आलेल्या स्केचअपने त्रिमिती काम शिकाऊ माणसाच्या आवाक्यात आणले. रेंडरमागचे गणित जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये एका समीकरणात बसवले : प्रत्येक पृष्ठभागावर पडलेला उजेड उसळून पुढच्या पृष्ठभागावर किती जातो, याचा हिशेब. खिडकीतून आलेले ऊन लाल कोब्यावर पडले की पांढऱ्या भिंतीला लालसर झाक येते, ती याच हिशेबातून. हौशी घरमालकाला स्वीट होम थ्रीडी आणि ब्लेंडर ही दोन मोफत सॉफ्टवेअरे पुरेशी आहेत; पहिले एका बैठकीत कळते, दुसऱ्याला चिकाटी लागते.

भिंतीची जाडी हा पहिला सापळा. स्वीट होम थ्रीडीमध्ये नवी भिंत ओढली की ती आपोआप ७.५ सेंमी जाडीची येते. आपली नऊ इंची विटेची भिंत २३ सेंमीची. बाहेरून ५ मीटर बाय ५ मीटरची खोली आपसूक जाडीने काढली, तर आत साडेतेवीस चौ.मी. मोकळे दिसतात, खरी भिंत घातली की साडेवीसच उरतात. म्हणजे एक न्हाणीघर पडद्यावर होते आणि जागेवर नाही. पहिली रेघ ओढण्याआधी जाडी बदलावी आणि मापे फूट-इंचात लावून घ्यावीत, कारण गवंड्याचे काम फूट-इंचात चालते.

घरकुलात तर ही तफावत परवडतच नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौ.मी., म्हणजे २६९ चौ. फूट आहे. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर सुटतात, आणि टप्पा सिद्ध करायला जागेवरचा, स्थाननोंद असलेला फोटो लागतो. रेंडर तिथे काही कामाचे नाही.

दुसरी गोष्ट होकायंत्राची. सॉफ्टवेअरला उत्तर दिशा आणि अक्षांश सांगितले, तर ते दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळी सावली कुठे पडेल ते दाखवते. डहाणू साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या सुमारास आणि पुन्हा २४ जुलैच्या सुमारास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. मेअखेरीस ऊन भिंतीवर नव्हे, छपरावर उतरते, म्हणजे पैसे छपराच्या उष्णतारोधावर घालायचे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४६-४७ अंशांपर्यंतच चढतो आणि दक्षिणेच्या पडवीत आतपर्यंत येतो. रेंडरमधले हे गणित खरोखर उपयोगी आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण वापरत नाहीत. तयार नमुन्यातले तिरपे, मऊ ऊन तसेच ठेवून देतात. पाऊस तर या सॉफ्टवेअरांत नाहीच. वळचण किती पुढे काढायची, पागोळ्या जोत्यापासून किती दूर पडतील, हे स्वतःच ठरवावे लागते.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या परिसरात भूकंपाच्या सौम्य धक्क्यांची मालिका सुरू झाली. बहुतेक धक्के ४ पेक्षा कमी तीव्रतेचे होते; १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का मात्र ४.१ चा होता. घरांना तडे गेले, लोकांनी रात्री तंबूत काढल्या. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत हा भाग तिसऱ्या भूकंप विभागात आहे. दगड-विटेच्या घरासाठी मानक ४३२६ जे सांगते ते साधे आहे : लिंटेलच्या पातळीवर सगळ्या भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा, गरजेप्रमाणे जोते आणि छपराच्या पातळीवरही, दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर, कोपऱ्यांत उभ्या सळया. यातले काहीही रेंडरमध्ये दिसत नाही. उलट कोपऱ्यात काचेची खिडकी ठेवली की चित्र खुलते, आणि सॉफ्टवेअर ती बिनतक्रार ठेवू देते. थ्रीडी पाहून सळईचा हिशेब मांडू नये. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो.

तयार वस्तूंच्या संग्रहात सोफे आणि पाश्चात्त्य स्वयंपाकघरे भरपूर असतात. वारली घर त्यात सापडत नाही : कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, कणग्या, गुरांना आतच जागा, जवळपास खिडकीविना भिंती. ते ब्लेंडरमध्ये बांधता येते, पण काठीकाठीने. चूलही स्वतःच घडवावी लागते. तिचा धूर गवताच्या छपरातून झिरपत बाहेर जातो हे पडद्याला माहीत नसते, म्हणून तशाच घरावर स्लॅब दाखवला की चित्र नीटनेटके दिसते आणि घर धुराने कोंडते. वारली चित्रांचे छापील पोत मात्र सहज मिळतात आणि बैठकीच्या भिंतीवर सर्रास डकवले जातात. देवचौक हे विधीचे चित्र लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहितात, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, विधी चालवते. तो चौक सोफ्यामागे लावणे ही अडाणी सजावट आहे.

परवानगीचा मामला वेगळा. पुण्यात तयार झालेल्या ऑटोडीसीआरसारख्या प्रणाली कॅड नकाशातले थर वाचून समासांतर, उंची आणि चटई क्षेत्र नियमांशी ताडून पाहतात. राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झालेल्या प्रदेशांना लागू नाही, आणि केंद्राच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका तसा जाहीर आहे. त्यामुळे पुणे-नाशिकचा मंजूर नमुना उतरवून घेण्याआधी आपल्या जागेला कोणते नियम लागतात ते नगररचना कार्यालयात विचारावे, आणि समासांतरे त्याप्रमाणे आखूनच खोल्या पाडायला बसावे.