आडोशाची पुळण आणि ‘नगण्य’ धोका

समुद्रस्नानाच्या सुरक्षिततेचा विचार करताना लाटा, ओढ आणि खोली यांकडेच प्रथम लक्ष जाते. या दृष्टीने आडोशाची पुळण सर्वांत निर्धोक होय. म्हणूनच लहान मुलांना पाण्यात उतरविण्यासाठी आईबाप तीच निवडतात. परंतु जो आडोसा लाटा अडवितो, तोच पुष्कळदा पाण्याची अदलाबदलही मंदावतो. अशा ठिकाणी सोडलेले मैलापाणी ओहोटीबरोबर दूर गेल्यासारखे वाटले, तरी त्याचा काही अंश भरतीबरोबर परत येतो. बुडण्याच्या दृष्टीने सुरक्षित असलेली जागा रोगाच्या दृष्टीने तशीच असेल, असे मानण्यास आधार नाही. हा भेद ओळखावयास विज्ञानास किती काळ लागला, हे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आइल ऑफ वाइट या बेटाच्या आडोशाला सोलंट नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्या काठच्या गॉस्पोर्ट येथील एका दांपत्याची कन्या १९५७ मध्ये पोलिओने दगावली. मैलापाण्याने दूषित झालेल्या समुद्रात पोहल्यामुळेच तिला हा रोग जडला, अशी त्या मातापित्यांची धारणा होती. त्यांनी पुढे ‘कोस्टल अँटि-पोल्यूशन लीग’ ही संस्था स्थापन केली आणि १९६० मध्ये स्वच्छ पुळणींची ‘गोल्डन लिस्ट’ प्रसिद्ध केली.

याच सुमारास, १९५९ मध्ये, ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेचा अहवाल बाहेर आला. १९५३ पासून चाळिसांहून अधिक पुळणींचे पाणी तपासून तो सिद्ध झाला होता. पोलिओच्या १५० रुग्णांची तितक्याच निरोगी मुलामाणसांशी तुलना केली असता स्नानाच्या बाबतीत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. अतिशय घाण झालेल्या किनाऱ्यांवरील पॅराटायफॉइडचे मोजके रुग्ण सोडल्यास गंभीर रोगाचा पुरावा मिळाला नाही. सबब, डोळ्यांना किळसवाण्या वाटणाऱ्या पुळणीवरदेखील स्नानाचा धोका नगण्य आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला.

या शब्दापाशी क्षणभर थांबणे उचित होईल. ‘नगण्य’ म्हणजे गणनेस अपात्र. परंतु जे गणले आणि अल्प आढळले ते, आणि जे गणलेच गेले नाही ते, या दोहोंस तो एकच शब्द लागू पडतो. समितीने गणना केली ती मुख्यत्वे पोलिओ व आंत्रज्वर यांसारख्या गंभीर रोगांची. पोलिओच्या बहुसंख्य संसर्गांत पक्षाघात होतच नाही. तेव्हा पक्षाघाताचे रुग्ण मोजून पाण्यातील संसर्गाचा माग लागणे दुरापास्तच होते. जुलाब, उलट्या, कान व घसा यांचे साधे विकार त्या हिशेबाबाहेरच राहिले. समितीने खोटे काही सांगितले नाही. वाचकांनी मात्र ‘पुरावा आढळला नाही’ याचा अर्थ ‘अपाय नाही’ असा लावला आणि तो अर्थ समुद्रात मैला सोडणाऱ्यांना सोयीचा ठरला.

अमेरिकेतील वाट निराळी, परंतु तीही निष्कंटक नव्हती. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टीव्हन्सन यांच्या पाहणीत मिशिगन सरोवर, ओहायो नदी आणि लाँग आयलंड साउंड या तीन ठिकाणच्या कुटुंबांकडून पोहण्याच्या व आजारांच्या नोंदी घेण्यात आल्या. सरोवर व नदी येथे अधिक दूषित पाण्याशी आजारांचा संबंध दिसला. लाँग आयलंड साउंडच्या आडोशाच्या खाऱ्या पाण्यात तो स्पष्ट झाला नाही. असे असूनही १९६८ मध्ये १०० मिलिलिटरमागे २०० विष्ठाजन्य कॉलिफॉर्म ही मर्यादा सुचविण्यात आली, ती नदीवरील निरीक्षणांवरून गणित करून. गोड्या पाण्याचा आकडा येणेप्रमाणे समुद्रालाही लागू झाला.

विक्टर कॅबेली यांनी १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क, बॉस्टन व लेक पाँचरट्रेन येथे स्नान करणाऱ्यांच्या साध्या पोटदुखीचीही नोंद घेतली, तेव्हा चित्र पालटले. खाऱ्या पाण्यात कॉलिफॉर्मपेक्षा अधिक काळ तग धरणाऱ्या एंटरोकोकस जंतूंच्या संख्येशी हे आजार अधिक जुळतात, असे दिसून आले. त्यावरून १९८६ मध्ये अमेरिकेत समुद्रासाठी १०० मिलिलिटरमागे सरासरी ३५ एंटरोकोकस ही कसोटी आली. ब्रिटनमध्ये १९८९ ते १९९२ या काळात चार पुळणींवर प्रयोग झाले. १,२१६ प्रौढ स्वयंसेवकांपैकी काहींना पाण्यात उतरविले व इतरांना काठावर ठेवले. विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकोकस ३२ च्या वर गेल्यावर स्नान करणाऱ्यांत जठर व आतड्यांचे विकार वाढलेले आढळले. या चार स्थळांपैकी साउथसी ही पुळण गॉस्पोर्टच्या समोर, पोर्टस्मथ बंदराच्या पलीकडेच आहे. १९५९ चा ‘नगण्य’ धोका तेथे अखेर मोजला गेला. पोलिओविषयीचा मूळ प्रश्न मात्र यातून सुटला असे नव्हे. त्या मातापित्यांची धारणा सिद्धही झाली नाही आणि खोटीही ठरली नाही.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्नानयोग्य समुद्रासाठी एसडब्ल्यू-२ हा वर्ग नेमला असून त्यात विष्ठाजन्य कॉलिफॉर्मची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १०० आहे. मलबार हिल व कुलाबा यांच्यामधील गिरगाव चौपाटी असो वा कोकणातील एखादी आडोशाची खाडी असो, असा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. जंतूंची वाढ करून मोजणी करावयास साधारणतः एक दिवस लागतो. म्हणजे अहवाल हाती येतो तो कालच्या पाण्याचा, आणि मध्यंतरी पाऊस पडून नाले वाहिले तर तो निरुपयोगी होतो. दुसरे असे की, प्रत्येक कसोटीच्या पोटी काय मोजले आणि काय मोजले नाही, याचा एक निर्णय दडलेला असतो. तो निर्णय उघड करून दाखविणे हे इतिहासाचे काम होय.