उरूस, मलिदा आणि कुंडलिकेचे खोरे

मुंबई-गोवा महामार्गावर कोलाड आले की बहुतेकांना कुंडलिकेतले राफ्टिंग आठवते. कोकण रेल्वेची माहिती असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. मालाने भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून थेट गोव्यातल्या वेर्ण्याला नेण्याची सेवा १९९९ मध्ये इथूनच सुरू झाली. पण कोलाडवरून वाहणाऱ्या या नदीचा दळणवळणाचा इतिहास त्याहून हजार वर्षे जुना आहे. कुंडलिका रोहा आणि अष्टमीच्या मधून जाते व रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथेच चौल आहे, अरबांचे 'सैमूर'.

इतिहासकार अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, या बंदरात आला होता. तेव्हा इथे राष्ट्रकूटांची सत्ता होती आणि त्यांच्या वतीने शिलाहार झंझ कोकणचा कारभार पाहत होता. सैमूरमध्ये सुमारे १० हजार मुसलमान राहतात, असे मसऊदीने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले लोक होते आणि याच मातीत जन्मलेलेही होते. त्यांच्या आपसांतल्या बाबी पाहण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. 'मुसलमान इथे तलवार घेऊन आले' हे वाक्य ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या मुलांना हा मसऊदी कुणी शिकवत नाही.

त्याच काळातला दुसरा पुरावा दगडी नव्हे, तांब्याचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. त्यावरून कळते की संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी 'ताजिक', म्हणजे अरब मुसलमान होता. संस्कृत लेखात त्याचे नाव 'मधुमती' असे आले आहे. हे 'मुहंमद'चे संस्कृत रूप आहे, असे अभ्यासक मानतात. या मधुमतीने दोन काम केले, ते लेखात नोंदले आहे: नद्यांवर मोफत होड्या आणि वाटसरूंसाठी भात, कालवण व तूप वाढणारे अन्नछत्र. शिवाय एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठासाठी, तिथल्या नैवेद्यासाठी व भोजनासाठी, त्याने राजाच्या संमतीने जमीन दिली. कोकणातल्या मुसलमानांच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये आपण अशा रूपात भेटतो: नदी पार करून देणारे आणि पंगत मांडणारे.

ही पंगत पुढच्या शतकांत दर्ग्याच्या अंगणात मांडली गेली. तिचे नाव उरूस. अरबीत 'उर्स' म्हणजे लग्न. वलीचा मृत्यू हा शोकाचा दिवस नाही, तो आपल्या रबला भेटतो तो दिवस, ही त्यामागची सूफी कल्पना. लग्न म्हटले की गावजेवण आलेच. कोकणात या परंपरेचे सर्वांत मोठे नाव हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांचे. त्यांचा काळ १३७२ ते १४३१. ते नवाईत घराण्यातले. अरबी भाषेत कुरआनवर तफसीर लिहिणारा हा विद्वान 'कुत्बे-कोकण' म्हणून ओळखला जातो. पण माहीमला डिसेंबरात दहा दिवस जत्रा भरते तेव्हा लोटणाऱ्या लाखोंपैकी किती जणांनी ती तफसीर पाहिलेली असते? लोकांना ठाऊक असतो तो आईसाठी पाण्याचा पेला हातात धरून रात्रभर उभा राहिलेला मुलगा. ही आख्यायिका आहे. तरीही तिनेच या आलिमला लोकांचा 'बाबा' केले. आणि माहीमचा संदल पहिला वाहतात ते मुंबईचे पोलीस.

कोलाडकरांना यात नवल वाटू नये. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, तेव्हा पोलीस शस्त्रांसह मानवंदना देतात. एका बाजूला पीर, दुसऱ्या बाजूला ग्रामदैवत. वर्दी दोघांपुढे झुकते. गावाचा रक्षक कोणी एक असतो आणि सरकारलाही त्याचा मान राखावा लागतो, ही कोकणी माणसाची जुनी समजूत यात दिसते.

आता एक गोष्ट जी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. 'उरूस' हा शब्द रायगडात यहुद्यांनीही उचलला. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. ते तेलाच्या घाण्यावर काम करत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. रोहेकर, पेणकर, अष्टमकर, चौलकर ही त्यांची आडनावे म्हणजे या खोऱ्याचा नकाशाच. त्यांच्या सणांची नावेही मराठी होती: खिरीचा सण, नव्याचा सण, दारफळणीचा सण. आणि त्यातच एक 'एलियाहू हन्नाबीचा उरूस'. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर ज्या खुणा आहेत, त्या एलियाहू नबीच्या रथाच्या, अशी त्यांची श्रद्धा. हे एलियाहू म्हणजे आपले हजरत इलियास (अलै.), ज्यांचा उल्लेख कुरआनात आहे.

त्या उरुसाचा प्रसाद काय? मलिदा. फारसीत 'मालीदन' म्हणजे चोळणे, कुस्करणे, त्यावरून मलिदा. आपल्या दर्ग्यांवर पोळी किंवा रोट कुस्करून गूळ-तुपात मळतात, फातिहा देतात आणि ओंजळीत घालतात. बेने इस्राएल भिजवलेले पोहे, ओले खोबरे आणि साखर कालवतात, वर फळे मांडतात, एलियाहूची दुआ म्हणतात आणि वाटतात. गहू घाटावरचा, पोहे कोकणातले. नाव मात्र एकच. नवस फिटला, घर बांधले, लग्न ठरले, की त्यांच्याकडे मलिदा होतो. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला, पण मलिदा सोबत घेऊन गेला. मराठीने मात्र या शब्दाची कशी गत केली पाहा: आज 'मलिदा खाल्ला' म्हटले की वर्तमानपत्रात टेंडरची बातमी असते. जो घास सर्वांत वाटायचा, तोच एकट्याने लाटण्याचे नाव झाला.

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, कोर्लई आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले. पण त्यांची मराठीत मिसळलेली बोली आणि कार्मेल मातेचे चर्च गावात आजही आहे. पोर्तुगीजांनी ही संतांची परंपरा इथे आणली, तशीच स्पॅनिश पाद्र्यांनी ती फिलिपिन्सला नेली. १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला घेतली तेव्हा तिथे सुलेमान नावाचा मुसलमान राजा होता, हेही आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पुढे तिथल्या गावागावाला एकेक संत मिळाला. लुकबान गावात १५ मे रोजी शेतकऱ्यांचा संत इसिद्रो याचा सण असतो. लोक पानांवर तांदळाचे पीठ लावून, वाफवून, वाळवून रंगीत पापड्या करतात, त्यांना 'किपिंग' म्हणतात, आणि घराच्या दर्शनी भिंती त्यांनी व शेतमालाने सजवतात. हळदीच्या पानावर पीठ थापून पातोळ्या करणाऱ्या कोकणी बाईला ते पाहून काही परके वाटणार नाही. धर्म जहाजातून आला, तांदूळ शेतातला राहिला.

मग आज अडचण कुठे आहे? दोन बाजूंनी. आपल्यातले काही जण उरुसाला सरसकट बिदअत म्हणतात. मजारीपुढे सजदा, पैशांचा बाजार, कानठळ्या बसवणारे डीजे यांवरचे आक्षेप योग्यच आहेत आणि ते आपल्याच उलेमांनी वेळोवेळी घेतले आहेत. पण भुकेल्याला जेवू घालणे बिदअत कसे होईल? सूरह अद-दहरमध्ये गरीब, यतीम आणि कैद्याला अन्न देणाऱ्यांची स्तुती आहे, आणि त्यात त्यांचा धर्म विचारलेला नाही. अजमेरच्या देगांमध्ये शाकाहारी अन्नच शिजते, कारण समोरच्या ओंजळीत कुणाचा हात असेल हे आधी ठरलेले नसते. रोग सजद्यात असेल तर त्याचा इलाज करावा. देग पालथी घालून काय साधणार?

दुसऱ्या बाजूला 'त्यांच्या जत्रेत आपण जाऊ नये, त्यांच्याकडून घेऊ नये' अशी भाषा वाढते आहे. घाटावरच्या कितीतरी गावांत हिंदू दैवताच्या जत्रेलाही 'उरूस' म्हणतात. आता तो शब्द पुसून टाकावा असे काहींना वाटते. शब्द पुसला की त्यासोबत आठवण जाते. मग एखादा अधिकारी मधुमती होता आणि त्याने देवीच्या नैवेद्याला जमीन दिली, हे वाचणाऱ्याला ते खोटेच वाटेल.

ताम्रपट होता म्हणून मधुमती कळला, मसऊदीने लिहिले म्हणून सैमूर कळले. गावातल्या छोट्या दर्ग्यांचे असे कुणी लिहिलेले नाही. कोलाड, रोहा, पेण, म्हसळा, मुरूड, जिथे तुमचे गाव असेल तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: उरुसाला लाकडे कोण द्यायचे, तांदूळ कुणाच्या घरून यायचा, पहिला दिवा लावण्याचा मान कुणाचा होता, मलिदा कोण मळायचे. नावे येतील तेव्हा त्यात सगळ्या आळ्या असतील. ती वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आपला इतिहास कुणीतरी लिहील म्हणून थांबण्याइतका वेळ आता उरलेला नाही.