मकुंदुचीचा नवरोज

झांझिबारच्या उंगुजा बेटावर दक्षिणेला मकुंदुची नावाचे गाव आहे. वस्ती सुन्नी मुसलमानांची, मझहब शाफई. आमच्या कोकणी मुसलमानांचाही तोच. या गावात जुलैच्या उत्तरार्धात नवे वर्ष साजरे होते. ते मुहर्रमचे नव्हे, जानेवारीचेही नव्हे. त्याचे नाव 'म्वाका कोग्वा', म्हणजे वर्षाचे स्नान.

उत्सव चार दिवसांचा. गावाच्या दोन बाजूंचे पुरुष समोरासमोर येऊन केळीच्या दांड्यांनी एकमेकांना झोडपतात. गेल्या वर्षाची भांडणे तिथेच संपवायची, असा रिवाज. बायका नटूनथटून गाणी गात फिरतात. झावळ्यांची खोपटी पेटवतात. आत शिरलेला माणूस ज्वाळांतून पळत बाहेर येतो. मग घरोघर जेवणे. त्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणा नाही, तो दुर्दैवी.

या दिवसाचे दुसरे नाव 'नैरूझी', म्हणजेच इराणचा नवरोज. येथील लोक स्वतःला शिराझी म्हणवतात. जवळच्या किझिमकाझीच्या मशिदीत हिजरी 500, म्हणजे इसवी सन 1107 चा कूफी शिलालेख आहे. शिराझहून पूर्वज आल्याची कथा अनेक अभ्यासकांनी दंतकथा ठरवली होती. 2023 साली पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जुन्या कबरींतील अवशेषांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकी आया आणि बहुतांशी इराणी बाप, त्यांत थोडा हिंदुस्थानी अंश, असा संगम इसवी सन 1000 च्या सुमारास सुरू झाल्याचे त्यात दिसले.

पण नवरोज तिथे टिकला तो केवळ वंशाच्या अभिमानाने नव्हे. हिजरी वर्ष 354 दिवसांचे. रोजे आणि हज यांना तेच हवे. पण पेरणी आणि वारा चंद्राचे ऐकत नाहीत. म्हणून या किनाऱ्याने नैरूझपासून दिवस मोजले. दहा-दहा दिवसांचे 36 भाग आणि वरचे पाच दिवस. पंधराव्या शतकातला अरब नाखुदा इब्न माजिद गलबते हाकारण्याचे दिवस नैरूझच्याच हिशेबाने सांगतो. या वर्षात लीप दिवस नाही, म्हणून वसंतातला सण सरकत सरकत जुलैत आला. मुंबईच्या पारशांचे नवे वर्ष ऑगस्टमध्ये येते, त्याचे कारणही हेच.

हे काही एका बेटाचेच नवल नाही. दख्खनमध्ये हीच अडचण होती. 1344 पासूनचा शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो. वर्षाची नावे अरबी, महिने सफर-रमजान, पण वर्ष सौर. पेशवाईच्या मराठी कागदांवरही तो सन आहे. शेतसारा पीक हाती आल्यावरच भरता येतो, हे त्यामागचे साधे शहाणपण.

असे सण गैरइस्लामी म्हणून सोडून द्यावेत, असे म्हणणारे आपल्यात आहेत. मुसलमान या मातीचे नव्हेत, असे म्हणणारे बाहेर आहेत. मकुंदुचीचा नवरोज आणि आपला शुहूर सन या दोघांनाही एकच उत्तर देतात. इबादतीसाठी चंद्र आणि पोटापाण्यासाठी सूर्य, असे दोन्ही हिशेब आमच्या पूर्वजांनी शतकानुशतके सांभाळले. त्यांचा ईमान त्याने उणा झाला नाही, आणि मातीशी नातेही तुटले नाही. म्हणूनच त्या दूरच्या बेटावरचा हा दिवस आम्हाला परका वाटत नाही.