टप्पा आणि नेम

‘टप्प्यात येणे’ हा वाक्प्रचार आपण राजकारणापासून सोयरिकीपर्यंत सर्वत्र वापरतो. तो मूळचा बंदुकीच्या भाषेतला आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. या शब्दांत शिकाऱ्याची एक जुनी शिस्त साठलेली आहे. सावज टप्प्यात येईपर्यंत थांबावयाचे, ते येत नसेल तर आपण त्याच्या जवळ जावयाचे आणि दोन्ही साधत नसेल तर बंदूक खाली ठेवावयाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा टप्पा एकाएकी कित्येक पटींनी लांबला. तेव्हा त्या शिस्तीचे काय झाले, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आपल्या पूर्वजांच्या तोड्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. तिच्यातून सुटलेली वाटोळी गोळी शंभर वारांपलीकडे कोठे जाईल याचा भरवसा चालविणाऱ्यालाही नसे. नळीच्या आत पीळदार खोबणी पाडली असता गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, हे जर्मन कारागिरांना पंधराव्या-सोळाव्या शतकापासून ठाऊक होते. पण अशा नळीत गोळी ठोकून बसवावी लागे आणि त्यात फार वेळ मोडे. ही अडचण फ्रान्समधील मिनिए या अधिकाऱ्याच्या १८४९ सालच्या गोळीने दूर केली. तिचा तळ पोकळ होता. ती नळीत अलगद उतरे आणि बार उडताच फुगून खोबणीत घट्ट बसे. याच तत्त्वावरची १८५३ सालची एन्फील्ड रायफल आपल्या चांगल्या परिचयाची आहे, कारण १८५७ च्या उठावात गाजलेली चरबीची काडतुसे तिचीच होती.

पल्ला लांबताच एक नवी अडचण उभी राहिली. गोळी नळीतून सुटताच पृथ्वीच्या ओढीने खाली येऊ लागते. म्हणून दूरच्या लक्ष्यावर मारताना नळी थोडी वर उचलावी लागते. किती उचलावी हे ठरविण्यासाठी रायफलीच्या मागील बाजूस अंतराचे आकडे कोरलेली, वरखाली सरकणारी पट्टी बसविलेली असते. पण लक्ष्य किती वारांवर आहे हे ती पट्टी सांगत नाही. ते डोळ्यांनीच ओळखावे लागते. म्हणून इंग्लंडमधील हाइद येथे १८५३ साली निघालेल्या बंदूकशाळेत नेमाइतकेच अंतराच्या अजमासालाही महत्त्व दिले गेले. ठरावीक अंतरांवर माणसे उभी करून, किती वारांवर चेहरा ओळखू येतो, किती वारांवर अंगरख्याची बटणे दिसेनाशी होतात, हे शिपायांना निरखावयास लावीत. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा पहिला धडा बोटाचा नसून डोळ्याचा आहे, हे तेथे ओळखले गेले होते.

पण या विद्येचे खरे गुरुकुल कोणत्याही लष्करी शाळेत नव्हते. ते दक्षिण आफ्रिकेच्या उघड्या माळावर होते. तेथील बोअर शेतकरी घोडा आणि रायफल यांच्या संगतीतच वाढे. स्प्रिंगबॉक नावाचे चपळ हरीण त्या माळावर मोठ्या कळपांनी चरत असे. त्याचे मांस वाळवून ‘बिल्टाँग’ करीत आणि ते प्रवासात व अडीअडचणीत उपयोगी पडे. त्या सपाट माळावर आडोसा नाही, म्हणून कळपाच्या निकट जाणे कठीण. काडतुसे दूरच्या गावाहून विकत आणावयाची, म्हणून ती उधळणे परवडत नसे. गरजेने लादलेल्या या दोन अटींतून त्यांचे शिक्षण घडले. कोरड्या जमिनीवर गोळी पडली की धुळीचा लोट उठे आणि गोळी अलीकडे पडली की पलीकडे, हे तोच सांगे. गवत कोणत्या दिशेला लवते यावरून वारा कळे. माध्यान्हीच्या उन्हात हवा थरथरते, तेव्हा सावज असते त्याहून निराळ्या जागी भासते, हे अनुभवाने उमगे. ही सर्व विद्या बापाकडून मुलाकडे गेली.

या विद्येचा प्रत्यय जगाला रणांगणावर आला. २७ फेब्रुवारी १८८१ रोजी मजुबाच्या डोंगरावर बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश सैन्याचा दारुण पराभव केला आणि सेनापती कॉली तेथेच पडला. पुढे १८९९ च्या युद्धात बोअरांच्या हाती धूरविरहित दारूची जर्मन माउझर रायफल होती. त्या युद्धातील एक प्रसंग आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. डोंगरमाथ्यावरून खाली मारलेली गोळी एकाच जागी जमिनीत घुसते. तीच सपाटीवरून मारली तर जमिनीलगत दूरवर झाडून जाते. हे ओळखून दे ला रे या बोअर सेनानीने आपले लोक टेकड्यांवर न ठेवता मॉडर नदीच्या काठाशी आणि पुढे मागर्सफाँटेन येथे टेकडीच्या पायथ्याशी, चरांत बसविले. ११ डिसेंबर १८९९ च्या पहाटे त्या चरांपुढे स्कॉटिश पलटणींची वाताहत झाली. चारच दिवसांनी कोलेन्झो येथे ब्रिटिश तोफा बोअर रायफलींच्या टप्प्यात फार पुढे नेल्या गेल्या आणि त्यांपैकी दहा शत्रूच्या हाती पडल्या. त्या लढाईतील जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्यांत गांधीजींनी उभारलेल्या पथकातील आपले सुमारे अकराशे हिंदी बांधव होते. हरणांवर शिकलेली विद्या माणसांवर चालली तर काय होते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

नव्या रायफलीने काय बदलले, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे चारशे मीटर वेगाने सुटे, तर माउझरची सुमारे सातशे. तीनशे वारांवर पोहोचेपर्यंत पहिली नळीच्या रेषेपासून दहा फुटांहून अधिक खाली येते, दुसरी तीन-साडेतीन फूट. आता असे समजू की शिकाऱ्याने अंतर तीनशे वार धरले आणि ते प्रत्यक्षात साडेतीनशे निघाले. मार्टिनीची गोळी नेमापेक्षा सुमारे तीन फूट खाली जाईल. स्प्रिंगबॉक खांद्याशी जेमतेम अडीच फूट उंच, तेव्हा ती अलीकडेच धुळीत पडेल आणि हरीण पळून जाईल. माउझरची गोळी मात्र केवळ फूटभर खाली जाईल आणि छातीऐवजी पोटात वा पायात बसेल. हरीण तरीही पळेल, पण झुडपांत जाऊन तडफडत मरेल. जुन्या हत्याराची चूक बहुधा मातीत जिरत असे. नव्या हत्याराची तीच चूक मुक्या जनावराला भोगावी लागू लागली. हत्यार सुधारले की शिक्षणाची गरज कमी होते, असा समज सर्वत्र आढळतो. आमच्या मते हा हिशेब नेमके उलट सांगतो.

या विद्येने आपली शाळाही स्वतःच मोडली. दक्षिण आफ्रिकेतील क्वागा नावाचा, अर्ध्या अंगावर पट्टे असलेला झेब्रा माउझर येण्यापूर्वीच निःशेष झाला आणि त्याच्या जातीचा शेवटचा प्राणी १८८३ साली ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पांढऱ्या शेपटीचे न्यू हे जनावर वाचले ते काही शेतकऱ्यांनी आपल्या रानात त्यास अभय दिले म्हणून. कळप विरळ झाले, तशी नव्या पिढीच्या हातची नेमबाजीही ओसरली. ज्या रानात शिकावयाचे तेच रिकामे झाल्यावर गुरू तरी कोठून आणणार?

आपल्याकडील माळवा, ग्वाल्हेर आणि दख्खनच्या माळांवरही अशीच उघडी भूमी आणि असाच चपळ प्राणी होता. तो म्हणजे काळवीट. आपल्या जुन्या शिकाऱ्यांनी मात्र टप्पा लांबविण्याऐवजी अंतर तोडण्याची विद्या वाढविली. काळवीट माणसाला पाहून पळतो, पण शेताकडे जाणाऱ्या बैलगाडीला बुजत नाही. म्हणून शिकारी गाडीच्या आडून, वळसे घेत, कळपाजवळ सरके. फासेपारधी तर बंदुकीवाचून केवळ फाशांवर हरीण धरीत. कोल्हापूर संस्थानात शिकवून तयार केलेले चित्ते गाडीतून माळावर नेऊन काळविटांवर सोडीत. या पद्धतींत दयाबुद्धी होती असा आमचा दावा नाही. पण प्रत्येकीत सावजाला निसटावयास वाव होता, आणि शिकाऱ्याला त्याचा स्वभाव जवळून ओळखावा लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी आणि लांब पल्ल्याची रायफल एकत्र आल्या आणि तो वाव उरला नाही. त्यातच माळ नांगराखाली गेले. दोहोंच्या कात्रीत काळवीट झपाट्याने घटले. चित्ते पकडून पाळण्याच्या प्रथेने, शिकारीने आणि भक्ष्य व माळ दोन्ही हरपल्याने चित्ताही संपत आला. १९४७ साली कोरिया संस्थानच्या अधिपतींनी एका रात्री तीन चित्ते मारले आणि १९५२ साली हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या युगावर पडदा पाडला आणि १९८० साली अहमदनगर जिल्ह्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य झाले.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते ग्वाल्हेर प्रांतातील कूनोच्या रानात सोडण्यात आले. त्यांच्यामागून २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. ज्या खंडाच्या माळावर बोअर शेतकरी अंतर ओळखावयास शिकला, तेथूनच आपला गमावलेला प्राणी आपणांस उसना आणावा लागला.

दूरच्या नेमाची विद्या मुळात वाईट होती, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. डोळ्याची पारख, वाऱ्याचे भान, श्वासाचा संयम आणि हिशेबाची काटेकोरता हे गुण कोणत्याही विद्येला भूषणावह होत. लक्ष्यभेदाच्या मैदानावर ते आजही जोपासले जातात. पण रानातला तिचा शेवटचा धडा मैदानावर शिकविता येत नाही. आपला हात किती वारांपर्यंत खरा आहे हे शिकाऱ्याने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावयाचे आणि त्यापलीकडचे सावज, रायफल पोहोचत असली तरी, सोडून द्यावयाचे. रायफलीचा टप्पा कारखाना ठरवितो. शिकाऱ्याचा टप्पा त्याचा त्यालाच ठरवावा लागतो, आणि तो जेथे कोणी ठरविला नाही तेथील माळ ओस पडले.