चटईखालची क्षमायाचना

सामोअन भाषेत 'इफो' म्हणजे लवणे, नमणे. त्यावरून 'इफोंगा' हा शब्द आला. क्षमायाचना असा त्याचा अर्थ देता येईल. पण आपण ज्याला क्षमा मागणे म्हणतो त्यात जिभेचा वाटा मोठा असतो, आणि इफोंगामध्ये जीभ बहुतेक वेळ मुकीच राहते.

एखाद्याच्या हातून खून घडला किंवा कुणा घराण्याची अब्रू गेली, की अपराध्याचे सारे कुटुंब आपल्या 'मताई'ला, म्हणजे कुळप्रमुखाला, पुढे करून पहाटेच्या अंधारात पीडितांच्या दारी जाते. मान खाली घालून सगळे अंगणात बसतात आणि अंगावर 'इए तोंगा' पांघरतात. केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांचे अतिशय बारीक पट्टे काढून विणलेली ही चटई कापडासारखी मऊ असते. एकेक विणायला स्त्रियांना कित्येक महिने लागतात, आणि घराण्याची ती सर्वांत मोलाची ठेव. पूर्वी बरोबर सरपण आणि दगडही नेत. तिकडे अन्न तापल्या दगडांवर शिजवतात. तेव्हा 'आम्हांला भाजून काढलेत तरी आमची ना नाही' असा त्या दगडांचा अर्थ. आतल्या माणसांनी येऊन चटई उचलली, की क्षमा झाली. नाही उचलली, तर ऊन डोक्यावर येईपर्यंतही बसून राहायचे. आणि संतापाच्या भरात कुणी हल्ला केला, तर तोही सोसायचा.

ही रीत मिशनऱ्यांच्या आधीपासूनची. मारिस्ट धर्मगुरू सामोआत पोहोचले ते १८४५ मध्ये. त्यांनी नेलेल्या पापनिवेदनात माणूस एकटा गुडघे टेकतो आणि त्याचे पाप जाळीपलीकडे जात नाही. इफोंगामध्ये कुळातल्या एकाचा अपराध सारे कुळ उघड्यावर आपला म्हणून घेते. मला या दोहोंत विरोध दिसत नाही. पण दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण वाटते खरी.

अपराध कुळाचा नसून सरकारचा असेल, तर चटई कुणी पांघरायची?

१९१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडच्या सैन्याने पश्चिम सामोआ जर्मनांकडून घेतला. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेले 'टालून' हे जहाज आपिया बंदराला लागले. ऑकलंडमध्ये इन्फ्लुएंझाची साथ भडकलेली होती आणि जहाजावरही आजारी माणसे होती. तरीही उतारूंना किनाऱ्यावर उतरू दिले गेले. पुढील काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसे दगावली, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहूनही अधिक. वेगवेगळ्या कबरी खणणे अशक्य झाल्याने कित्येकांना एकाच खड्ड्यात पुरावे लागले. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर याने विलगीकरणाचे कडक नियम लावले आणि तेथे या साथीने एकही बळी गेला नाही. त्याने वैद्यकीय मदतही देऊ केली होती. न्यूझीलंडचा प्रशासक रॉबर्ट लोगन याने ती स्वीकारली नाही! साथ पसरणे हा कारभारातील हलगर्जीपणा म्हणता येईल. मदत नाकारणे याला मला दुसरे नाव सुचत नाही.

ते मरण लोक विसरले नाहीत. १९२० च्या दशकात 'माऊ' ही निःशस्त्र चळवळ उभी राहिली. कर थकवणे, सरकारी कामावर बहिष्कार ही तिची साधने. आपल्याकडच्या वाचकाला ती ओळखीची वाटतील. सरकारने पुढाऱ्यांना हद्दपार केले, मताईंच्या पदव्या काढून घेतल्या. २८ डिसेंबर १९२९, शनिवार. आपियात माऊची मिरवणूक चालली असता पोलिसांनी एका माणसाला पकडण्याचा प्रयत्न केला. झटापट झाली आणि गोळीबार सुरू झाला. मशीनगनही वापरली गेली. थोर मताई तुपुआ तामासेसे लेआलोफी आपल्या माणसांना शांत राहण्यास सांगत असता गोळी लागून पडला. दुसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला, आणि जाता जाता अनुयायांना निरोप दिला तो सूड घेऊ नका, शांतता राखा, असाच. त्या शनिवारी एक पोलीसही मारला गेला. पुढे सैनिकांनी पुरुषांचा डोंगरझाडीत पाठलाग केला, तेव्हा चळवळ स्त्रियांनी चालवली.

१ जानेवारी १९६२ रोजी पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला (नावातले 'पश्चिम' १९९७ मध्ये गळाले). त्यानंतर चाळीस वर्षांनी, जून २००२ मध्ये, न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात येऊन टालूनबद्दल, गोळीबाराबद्दल आणि हद्दपारीबद्दल माफी मागितली. जहाज लागल्याला तेव्हा ८३ वर्षे झाली होती. माफी भाषणातून आली. लोकांनी ती मानाने घेतली.

१ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या टाऊन हॉलमध्ये पंतप्रधान जसिंडा आर्डर्न मात्र खरोखरच चटईखाली बसल्या. १९७० च्या दशकात मुदतीबाहेर राहणाऱ्यांच्या शोधात पोलीस पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांच्या घरांत पहाटे शिरत. इफोंगाची वेळही पहाटेचीच. त्या छाप्यांबद्दल ही क्षमायाचना होती. चटई उचलली ती त्या समाजातल्या माणसांनी, आणि मग त्यांनी आर्डर्नना मिठी मारली. टालून आणि तो शनिवार त्या चटईखाली नव्हते.